डे-केअर ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून: ॲडमिशनच्या आधीपासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत

सकाळी सातला ॲडमिशन, नऊला थिएटर, संध्याकाळी सहाला रिक्षात. हर्निया, मूळव्याध, गुडघ्याची दुर्बीण, व्हेरिकोज व्हेन्सचं लेसर, काही ठिकाणी पित्ताशयसुद्धा. पुण्यात आता ही ऑपरेशनं एका दिवसात आटोपतात. मी अठरा वर्षं डे-केअर वॉर्डात सिस्टर आहे. डिस्चार्जचे कागद हातात घेताना नातेवाईक हमखास विचारतात, "सिस्टर, खायला काय द्यायचं?" "चालवायचं किती?" असं विचारणारं माणूस महिन्यातून एखादं भेटतं.

आमच्याही घरी कोणी विचारलं नव्हतं. मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती तेव्हा माझ्या दादाच्या गुडघ्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. संध्याकाळी घरी आला. सदाशिव पेठेत दुसरा मजला, लिफ्ट नाही. आईने जाहीर केलं, "आता पंधरा दिवस पलंगावरून खाली उतरायचं नाही." ताट पलंगावर, पाणी पलंगावर. अकराव्या दिवशी पोटरी दुखायला लागली. फोनवर मीच म्हणाले, "एकाच जागी पडून अवघडली असेल, आराम कर." आईने तिळाचं तेल कोमट करून दोन दिवस पोटरी चोळली. तिसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंत गेला आणि दम लागून दारातच बसला. पायातली गुठळी फुप्फुसात गेली होती. दादा वाचला, कित्येक महिने गोळ्या घेतल्या, आज ठणठणीत आहे. पण त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर पोटरीबद्दल एक ओळही नव्हती. त्या वेळी मला जे कोणी सांगायला हवं होतं, ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

गुठळी होते कशी

पोटरीच्या आणि मांडीच्या आत, स्नायूंच्या मधून मोठ्या शिरा जातात. पायातलं रक्त त्या वर हृदयाकडे नेतात, पण त्यांना स्वतःचा जोर नाही. आपण पाऊल टाकलं की पोटरी आवळते, शीर दाबली जाते, रक्त वर ढकललं जातं, आणि आतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. भूल दिलेल्या माणसाची पोटरी तास-दीड तास निपचित पडलेली असते. शिवाय जखम झाल्यामुळे शरीर रक्त गोठवण्याच्या तयारीत असतं. रक्त साचणं, शिरेला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं ही तीन कारणं रुडॉल्फ व्हिर्खो या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जातात. त्यांचा जन्मदिवस, १३ ऑक्टोबर, जगभर थ्रॉम्बोसिस (म्हणजे रक्तवाहिनीत गुठळी होणं) दिन म्हणून पाळतात.

धोका किती? ब्रिटनमधल्या साडेनऊ लाखांच्या आसपास मध्यमवयीन स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन न झालेल्यांत बारा आठवड्यांच्या काळात साधारण ६,२०० मध्ये एकीला गुठळीचा त्रास झाला. डे-केअर ऑपरेशन झालेल्यांत हेच प्रमाण ८१५ मध्ये एक होतं, आणि दवाखान्यात राहून ऑपरेशन झालेल्यांत १४० मध्ये एक. म्हणजे घाबरून ऑपरेशन टाळावं असं काही नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी प्रत्येक नातेवाइकाला सांगते: धोका सर्वांत जास्त होता तो तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला. तोवर टाके निघालेले असतात, भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबलेली असते आणि फाइल कपाटात गेलेली असते. डे-केअरच्या पेशंटवर त्या दिवसांत नजर ठेवायला ना सिस्टर असते ना डॉक्टर. असतात ती फक्त घरची माणसं.

ऑपरेशन ठरलं की काय काय सांगायचं

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासतात. ती भेट पाच मिनिटांत उरकू देऊ नका. घरून निघतानाच एका कागदावर लिहून न्या: वय, वजन, आधी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, आईवडील-भावंडांत कोणाला झाली होती का, कॅन्सर, व्हेरिकोज व्हेन्स, पायावर कायमची सूज, नुकतंच बाळंतपण, गेल्या महिन्यात प्लास्टर किंवा मोठा आजार, तंबाखू-सिगारेट. डॉक्टर यावरून गुण मोजतात. कॅप्रिनी स्कोअर नावाची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. वयाच्या ४१ पासून एक गुण, ६१ पासून दोन, ७५ पासून तीन. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला गुठळी झालेली असेल तर एकदम तीन. पंचेचाळीस मिनिटांहून जास्त चालणाऱ्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला दोन. बेरीज जितकी जास्त तितकी तयारी जास्त. दवाखान्यात हे कोणी विचारलं नाही, तर आपण विचारायचं: "डॉक्टर, मला गुठळीचा धोका किती आहे? इंजेक्शन लागेल का?" या प्रश्नाने कोणाचाही अपमान होत नाही.

एक गोष्ट बायका सांगत नाहीत, कारण त्यांना ती औषध वाटतच नाही: पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. गौरी-गणपतीत, घरच्या लग्नात, सत्यनारायणाला त्या मेडिकलमधून सहज आणल्या जातात. त्यांत नोरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोनसारखं औषध असतं. त्याचा या कामासाठी घेतात तेवढा मोठा डोस गुठळीचा धोका वाढवू शकतो. "रोजची औषधं कोणती?" असं विचारलं की ताई रक्तदाबाची गोळी सांगतात आणि ही विसरतात. मी म्हणून वेगळं विचारते, "गणपतीत गोळ्या घेतल्या होत्या का हो?" मग हळूच "हो" येतं. संततिनियमनाच्या गोळ्या आणि पाळी गेल्यानंतरच्या हार्मोनच्या गोळ्यांचंही तेच. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या ठरलेल्या ऑपरेशनच्या चार आठवडे आधी थांबवायच्या का, हे डॉक्टर ठरवतात. मनाने बंद करू नका, नाही तर थिएटरच्या दारात गर्भाचा प्रश्न उभा राहतो. अंगावरून जास्त जातं म्हणून दिलेलं ट्रानेक्सॅमिक ॲसिडही सांगा.

हृदयासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन किंवा नवी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेजाऱ्यांच्या अनुभवावरून ती थांबवू नका. कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची आणि कधी परत सुरू करायची, हे तारखेसकट लिहून घ्या. परत सुरू करायची तारीखच जास्त वेळा राहून जाते. आणि "मी ॲस्पिरिन घेतो, मला गुठळी होणार नाही" हा भरवसा धरू नका. शिरेतल्या गुठळीसाठी तेवढं पुरेलच असं नाही.

मोतीबिंदू किंवा चामडीवरची छोटी गाठ, तीही फक्त जागा बधिर करून काढायची असेल, तर बहुतेकांना यातलं काही लागत नाही. उठून चालायला लागलं की झालं.

उपाशी किती राहायचं

"रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नाही" हे अजून घरोघरी ऐकू येतं. ऑपरेशन दुपारी दोनला असलं की माणूस सोळा तास कोरडा राहतो आणि रक्त दाट होतं. बहुतेक प्रौढांना जड नसलेलं खाणं भुलेच्या सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध आणि दुधाचा चहा पाण्यात मोजायचा नाही, तो खाण्यात धरतात. मधुमेह, पोटाचे विकार, गरोदरपण असेल तर नियम वेगळे. त्यामुळे आपल्या भूलतज्ज्ञांना विचारा, "पाणी किती वाजेपर्यंत पिऊ?" घड्याळातली वेळ घ्या, "थोडं आधी" असं उत्तर घेऊन निघू नका.

थिएटरच्या दिवशी

धोका मध्यम किंवा जास्त असेल तर लांब घट्ट मोजे देतात, किंवा टेबलावर पायांना हवेच्या पिशव्या गुंडाळतात. त्या आळीपाळीने फुगतात आणि पोटरी दाबतात. पेशंट झोपलेला असतो, तेव्हा चालण्याचं काम त्या करतात.

मोज्यांबद्दल थोडं सविस्तर. ते मापाने येतात. घोट्याचा आणि पोटरीचा घेर मोजल्याशिवाय कोणी पाकीट हातात दिलं तर मापायला सांगा. घालताना टाच टाचेवरच बसली पाहिजे आणि वरची कड गुंडाळली जाता कामा नये. गुंडाळलेली कड दोरीसारखी आवळते, आणि जे टाळायचं तेच होतं. रोज एकदा काढून पाय पुसा, टाचेची आणि बोटांची कातडी बघा, परत घाला. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांना, मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना हे मोजे इजा करू शकतात, म्हणून त्यांना डॉक्टरांनी पाय तपासल्याशिवाय घालायचे नाहीत. आणि घरात पडलेलं क्रेप बँडेज गुडघ्याखाली करकचून बांधणं म्हणजे मोजा नव्हे.

कमरेतून भूल दिली असेल तर पाय पूर्ण जागा होईपर्यंत उठायचं नाही. स्वतःच्या जोरावर पाय वर उचलता आला, गुडघा वाकवता आला की आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून पाच मिनिटं बसा. चक्कर येत नसेल तर कोणाचा तरी हात धरून उभे राहा. पण बोटं हलायला लागली की लगेच घोटे हलवायला सुरुवात करता येते, त्यासाठी उभं राहायची वाट बघू नका.

डिस्चार्ज घेताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: इंजेक्शन किंवा गोळी किती दिवस, केव्हापासून कितपत चालायचं, आणि रात्री बाराला फोन करायचा तर कोणत्या नंबरवर. विम्याच्या डेस्कवर तास-दोन तास जातातच, त्या वेळात हे होतं.

पोटात घ्यायचं इंजेक्शन

धोका जास्त असलेल्यांना एनॉक्सापॅरिनसारखं, रक्त गोठू न देणारं इंजेक्शन काही दिवस घरी घ्यायला सांगतात. बहुतेकांना रोज एकदा ४० मिलिग्रॅम, भरलेल्या सिरिंजमध्येच येतं. किडनी कमजोर असेल किंवा वजन फार कमी असेल तर डोस बदलतो. पहिलं कधी द्यायचं हे कमरेतल्या भुलेच्या वेळेवरही ठरतं, म्हणून दवाखान्याने लिहून दिलेली वेळ पुढे-मागे करायची नाही. हे औषध डुकराच्या आतड्यापासून बनतं. ज्यांना धर्माने किंवा आहाराने ते चालत नाही त्यांनी आधीच सांगावं. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिमरीत्या बनवलेलं औषध आहे. आपल्याला ते चालेल का, हे डॉक्टर सांगतील.

देण्याची पद्धत अशी. साबणाने हात धुवा. पेशंटला पाठ टेकून अर्धवट आडवं करा. बेंबीपासून चार बोटं सोडून, डाव्या किंवा उजव्या बाजूला जागा निवडा. आज डावी, उद्या उजवी. ऑपरेशनच्या जखमेपासून लांब राहा. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसतो. पूर्ण डोस द्यायचा असेल तर तो बाहेर काढू नका, तो असाच असायचा. काढायला गेलात की औषधाचे थेंब सांडतात. अंगठा आणि बोटाने कातडीची जाड चिमट धरा, सुई सरळ, पूर्ण आत घाला, दट्ट्या सावकाश दाबा, सुई बाहेर येईपर्यंत चिमट सोडू नका. नंतर चोळू नका, कापूस नुसता धरून ठेवा. चोळलं की निळा डाग पसरतो. लहानसा निळा डाग तसाही पडतो, त्याने घाबरू नका. वापरलेली सिरिंज ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, आपल्या सफाईच्या ताईंच्या हाताला ती टोचते. जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवून पुढच्या तपासणीला दवाखान्यात परत द्या.

हे चालू असताना अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणायचं नाही, रक्तस्राव वाढतो. दुखण्याला काय घ्यायचं ते विचारा. बहुधा पॅरासिटामॉल सांगतात. लसूण, हळदीचं दूध जेवणातलं जेवढं तेवढंच. इंजेक्शनच्या बदल्यात ते चालत नाही. जखमेतून रक्त थांबत नाही, शी काळी होते, लघवी लाल होते, असं काही दिसलं तर लगेच फोन करा.

घरी आल्यावर

इंजेक्शन काहींनाच लागतं. चालणं जवळजवळ सगळ्यांना लागतं, आणि घरची माया नेमकी इथेच आडवी येते. "उठू नकोस, मी आणून देते." आईंना, सासूबाईंना मी सांगते: पाण्याचा तांब्या पलंगापाशी ठेवूच नका, स्वयंपाकघरात ठेवा. त्याला पाणी प्यायला उठू दे.

जागं असताना दर तासाला घोट्यांचा व्यायाम. पाय लांब करून पंजा आपल्याकडे ओढायचा, मग पुढे ढकलायचा, दहा-पंधरा वेळा, पोटरी आवळल्याचं जाणवेल एवढ्या जोराने. नुसती बोटं हलवून ते होत नाही. सोबत चार-पाच खोल श्वास. दर तासा-दीड तासाने उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चाला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सोसायटीच्या आवारात. पायावर भार द्यायचा नाही असं सांगितलेलं असेल, तर पंजा जेवढा हलवू दिला आहे तेवढा हलवा आणि दुसऱ्या पायाचा व्यायाम पूर्ण करा. असा पेशंट, प्लास्टर असलेला पेशंट, इंजेक्शनबद्दल नक्की विचारून घरी गेला पाहिजे.

दुखत असेल तर माणूस चालत नाही. म्हणून पहिले दोन-तीन दिवस वेदनेची गोळी वेळेवर द्या, कळ असह्य होईपर्यंत थांबू नका. झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवायची फार सवय असते. गुडघ्यामागे मोठी शीर असते, ती दाबली जाते. पाय वर घ्यायचा तर टाचेपासून मांडीपर्यंत पूर्ण पायाला आधार द्या. मांडी घालून तासभर टीव्हीसमोर बसणं, आरामखुर्चीत पाय लोंबकळत ठेवून दुपार काढणं, दोन्ही टाळा.

पाणी प्या. मूळव्याध किंवा हर्नियानंतर बाथरूमला जायला लागू नये म्हणून कित्येक जण पाणीच कमी करतात. साधं पाणी, ताक, शहाळं, वरणाचं पाणी, जे रुचेल ते. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटने आपल्याला सांगितलेलं प्रमाण पाळावं.

पुण्यात ऑपरेशनला येणारे बरेच जण सोलापूर, कोल्हापूर, लातूरकडचे. चार तासांहून लांबचा बसून केलेला प्रवास स्वतःच गुठळीचा धोका वाढवतो. जमलं तर पहिली रात्र नातेवाइकांकडे पुण्यातच काढा. निघायचंच असेल तर पुढच्या सीटवर बसा, गाडीत घोटे हलवत राहा, तासा-दीड तासाने उतरा. सोलापूरच्या वाटेवर भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी. कोल्हापूरच्या वाटेवर सातारा, कराड. चहा गाडीत मागवू नका, उतरून प्या. मुलांकडे परदेशी जायचं तिकीट काढलेलं असेल तर ऑपरेशनची तारीख ठरवतानाच डॉक्टरांना सांगा, कारण लांबचं विमान आणि तिसरा आठवडा एकत्र आणू नयेत.

शिवणाच्या डब्यातला टेप

पहिल्याच संध्याकाळी हे करा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर एक उंचवटा हाताला लागतो. तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पायांवर पेनाने बारीक खूण करा. त्या खुणेवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मापा आणि फाइलच्या मागे तारखेसह लिहा. एक दिवसाआड, तीन आठवडे. एका पोटरीचा घेर दुसरीपेक्षा तीन सेंटिमीटरने जास्त झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फरक नाही म्हणजे गुठळी नाही, असं मात्र नाही. कित्येक गुठळ्यांना सुरुवातीला काहीच लक्षण नसतं.

टेपशिवायही दिसणाऱ्या गोष्टी: एकाच पायाला सूज, पोटरीत खोलवर दुखणं, पाऊल टाकताना ते वाढणं, त्या जागी ऊब, लाली, कातडी ताणल्यासारखी चकाकणं. "नस चढली" असं वाटलं तरी तेल लावून चोळू नका, शेक देऊन बसू नका, मालिशवाल्याला बोलावू नका. चोळल्याने गुठळी सुटून पुढे जाऊ शकते. पायाचा कलर डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त वाहतं का ते दाखवणारी सोनोग्राफी, करायचा, तो वेदना न होता होतो. डी-डायमर ही रक्ताची तपासणी ऑपरेशननंतर काही आठवडे एरवीही वाढलेली येते. त्यामुळे ती वाढलेली आली म्हणून गुठळी झालीच असं ठरत नाही, डॉपलरच बघावा लागतो.

लगेच निघायची वेळ

अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, धडधड, खोकल्यातून रक्त, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काहीही झालं तर "पित्त असेल", "गॅस झाला असेल" म्हणत ओवा देत बसू नका. तरुण आणि धडधाकट माणसाच्या बाबतीत ही चूक जास्त होते. माझ्या दादाच्या बाबतीतही ती होता होता राहिली. १०८ ला फोन करा. पेशंटला जिने उतरवू नका, खुर्चीत बसवून ठेवा आणि उचलून न्या. स्कूटरवर मागे बसवून नेणं तर नकोच. फाइल आणि औषधांची पिशवी बरोबर घ्या.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर दम लागलाय हे सांगायच्या आधी दुसरं वाक्य बोला. गर्दीत डॉक्टरांना ते आपल्याकडूनच कळणार आहे, कारण तीन आठवड्यांपूर्वीची बारीक जखम कपड्याखाली दिसत नाही: "यांचं इतक्या तारखेला ऑपरेशन झालंय."